एका तासाची मुदत

न्यूयॉर्क शहराच्या उत्तरेस चॅपाक्वा नावाचे एक सुखवस्तू गाव आहे. तेथील 'रीडर्स डायजेस्ट' मासिकाच्या मोटारतळावर सन १९८५ च्या ऑक्टोबर महिन्यात एक किशोरवयीन मुलगा पांढरे कपडे घालून धावत होता, थांबत होता, वळत होता, उड्या मारीत होता, आणि त्याचा थोरला भाऊ हे सारे व्हिडिओ कॅमेऱ्याने टिपून घेत होता. थोरल्याचे नाव जॉर्डन मेकनर, धाकट्याचे डेव्हिड. जॉर्डन त्याच वर्षी येल विद्यापीठाची पदवी घेऊन बाहेर पडला होता आणि विद्यार्थिदशेतच रचलेल्या 'कराटेका' नावाच्या संगणकीय खेळाने त्याच्या पदरात पैसा व लौकिक दोन्ही टाकले होते. त्या मोटारतळावरील धावपळीतून चार वर्षांनी जो खेळ सिद्ध झाला तो 'प्रिन्स ऑफ पर्शिया'. नव्वदीच्या दशकात महाराष्ट्रातील कॉम्प्युटर क्लासांत वाढलेली पिढी ज्याला नुसते 'प्रिन्स' म्हणून ओळखते, तोच हा.

या खेळाच्या थोरवीविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे आणि त्याच्या छळवादाविषयीही काही कमी नाही. परंतु ही दोन प्रकरणे निरनिराळ्या दप्तरांत बांधून ठेवण्याचा जो शिरस्ता पडून गेला आहे, तो आम्हांस मान्य नाही. ज्या कारणाने हा खेळ डोळ्यांना मोहिनी घालतो त्याच कारणाने तो बोटांना दाद देत नाही, आणि ते कारण त्या मोटारतळावरच शोधावे लागते.

उड्या मारीत मार्ग काढण्याचे खेळ तेव्हा नवीन नव्हते. सन १९८१ मध्ये जपानच्या निन्टेन्डो कंपनीने 'डाँकी काँग' बाजारात आणला, तेव्हा तिरप्या तुळयांवरून गडगडत येणारी पिंपे चुकवीत शिड्या चढणारा एक बुटका सुतार लोकांना प्रथम दिसला. तोच बुटका पुढे नळजोडणीचा धंदा पत्करून सन १९८५ च्या सप्टेंबरात 'सुपर मारियो ब्रदर्स' या नावाने परत आला आणि जगभर मान्यता पावला. परंतु या दोन्ही खेळांतील पात्र म्हणजे मोजक्या चित्रांवर भागवलेले एक बाहुले होते. कळ दाबताच ते उडते, मारियो तर स्वतःच्या उंचीच्या कितीतरी पट वर जातो, आणि त्याची दिशा तो अधांतरी असतानाही बदलता येते. निसर्गनियमांची ही उघड पायमल्ली खेळणाऱ्याला मुळीच खटकत नाही, कारण बाहुल्याला वजन असते असे त्याने कधी मानलेलेच नसते. मेकनरला मात्र हवा होता हाडामांसाचा मनुष्य. चित्रपटांचे त्याला अतोनात वेड होते, आणि 'रेडर्स ऑफ द लॉस्ट आर्क' या चित्रपटाच्या पहिल्या दहा मिनिटांत नायक ज्या रीतीने खंदकावरून झेप घेतो, कडेला बोटांनी लटकतो आणि मिटत चाललेल्या दाराखालून निसटतो, तो थरार संगणकाच्या पडद्यावर उतरवावा ही त्याची महत्त्वाकांक्षा होती. पडलो तर लागेल, ही जाणीव प्रेक्षकाला झाल्याखेरीज उडीत अर्थ नाही, हे त्याने ओळखले होते.

त्यासाठी त्याने पत्करलेली रीत मुळात जुनीच; मॅक्स फ्लायशर या व्यंगपटकाराने सन १९१७ मध्ये तिचा हक्क नोंदवून घेतला होता. खऱ्या माणसाचे चलच्चित्र घ्यावयाचे आणि त्याची एकेक चौकट गिरवून त्यावरून रेखाचित्र सिद्ध करावयाचे, एवढेच तिचे मर्म. परंतु फ्लायशरपाशी चित्रपटगृहाचा विस्तीर्ण पडदा होता आणि मेकनरपाशी होता ॲपल-टू संगणक, ज्याच्या पडद्यावर आडवे २८० आणि उभे १९२ एवढेच बिंदू मावत. धाकट्या भावाची चित्रफीत तो दूरचित्रवाणी संचावर लावी, एकेका चौकटीशी ती थांबवी, छायाचित्रकाराच्या साध्या कॅमेऱ्याने तो पडदाच टिपी, मग त्या छायाचित्रांवर काळ्या शाईने आणि खाडाखोडीच्या पांढऱ्या द्रवाने आकृती उठावदार करी, त्यांच्या झेरॉक्स प्रती काढी, आणि त्या प्रती पुन्हा कॅमेऱ्यापुढे धरून संगणकात उतरवी. एवढ्यावरही भागत नसे. उतरलेले चित्र धूसर, विस्कटलेले असे, आणि त्यातील बिंदू न् बिंदू हाताने साफ करावा लागे. धावण्याची सुरुवात वेगळी, धाव वेगळी, धाव आवरताना होणारी घसरण वेगळी, धावता धावता मागे वळणे वेगळे. अशा प्रत्येक हालचालीची स्वतंत्र चित्रमाला त्याने सिद्ध केली. संगणक सहा पाच शून्य दोन या सूक्ष्मप्रक्रियकाचा, आणि आज्ञावली लिहिली ती असेम्ब्ली भाषेत, म्हणजे यंत्राच्या अगदी कानाशी लागून. मध्यंतरी पटकथालेखनाच्या नादाने त्याने हे काम कित्येक महिने बाजूलाही टाकले होते. एवढ्या खटाटोपानंतर पडद्यावर जो इवलासा मनुष्य धावू लागला, तो पाहून त्या काळचे लोक थक्क झाले यात नवल नाही. चारपाच इंचांवरून पाहिले तर केवळ ठिपके, आणि हातभर मागे सरकले की ओळखीच्या मुलाची चाल.

आता या वैभवाची किंमत पाहू. चित्रमाला एकदा सुरू झाली की ती पुरी व्हावीच लागते, नाहीतर चाल तुटते आणि मोहिनी ओसरते. त्यामुळे कळफलकावरून निघालेला हुकूम राजपुत्राच्या पायांपर्यंत पोहोचण्यास, जुन्या मामलेदार कचेरीतील अर्जाप्रमाणे, ठरलेले टप्पे घ्यावेच लागतात. धावत असताना कळ सोडली तर तो तत्क्षणी थांबत नाही, एकदोन पावले घसरतो, आणि त्या एकदोन पावलांतच बहुधा कडा संपलेला असतो. उडीचा हुकूम कड्याच्या टोकावर पोहोचून देऊ म्हटले तर तो उशिरा पोहोचतो आणि राजपुत्र हवेत पाऊल टाकून सरळ खाली जातो. तो हुकूम आधीच्या फरशीवर असतानाच द्यावा लागतो, आणि तोही धाव पुरेशी भरली असेल तरच उपयोगी पडतो. एकदा अधांतरी झाला की त्याच्यावर कोणाचाच अधिकार चालत नाही. चालतो तो फक्त शिफ्टच्या कळेचा, जी वेळेवर दाबून धरली तर समोरच्या कडेला बोटे अडकतात. हीच शिफ्टची कळ दाबून चालले तर तो एकेक सावध पाऊल टाकतो आणि टोकाशी आला की आपण होऊन थबकतो. जाणत्या खेळाडूची खूण हीच, की तो अगोदर मोजून सावध पावले टाकतो, कड्यापासून हवे तेवढे अंतर मागे घेतो आणि मगच धाव घेतो. प्रत्येक पडदा दहा खणांचा आणि तीन मजल्यांचा, हे गणित एकदा ध्यानी आले की उड्या नेमक्या पडू लागतात. पण ते ध्यानी येईपर्यंत जे देहपात होतात त्यांना सुमार नाही. खेळाची पुस्तिका हे गणित समजावून सांगण्याच्या भरीस पडत नाही.

त्यात सापळ्यांची भर. फरशीतून सळसळत वर येणारी सुळ्यांची रांग, जिच्यावरून धावत गेले तर मृत्यू आणि एकेक पाऊल टाकीत गेले तर सुखरूप सुटका. पोलादी जबड्यासारखी कडकड मिटणारी पाती. पाय पडताच डगमगून निखळणाऱ्या फरशा. दाबली असता कोठेतरी दूरचे लोखंडी दार उचलणारी कळीची फरशी आणि तिच्यासारखीच दिसणारी, पण उघडे दार धाडकन पाडणारी दुसरी. हा सर्व बंदोबस्त न्याय्य आहे असे आम्ही म्हणू. सुळे आवाज करतात, सैल फरशी हादरते, मिटणाऱ्या पात्यांना ठरीव ताल आहे. डोळे आणि कान उघडे ठेवणाऱ्याला पूर्वसूचना मिळतेच. एक मजला खाली पडले तर काही बिघडत नाही, दोन मजले पडले तर आयुष्य मोजणाऱ्या त्रिकोणांपैकी एक वजा होतो, तीन मजले पडले तर खेळ खलास. हा हिशेबही पहिल्यापासून शेवटपर्यंत बदलत नाही. अन्याय आहे तो दुसरीकडेच. पडदा सरकत नाही, एकदम बदलतो. उजव्या काठावरून झेप घेतली तर पुढच्या खोलीत जमीन आहे की खाई, हे झेप घेतल्यावरच कळते, आणि कळते तेव्हा उपाय उरलेला नसतो. वाटेत ठेवलेल्या औषधाच्या कुप्यांतही, काही जीव वाढवणाऱ्या आणि काही विषारी, असा भेद बुडबुड्यांच्या रंगावरून करावयाचा. ज्यांच्या वाट्याला एकरंगी पडदा आला त्यांनी तो कशावरून करावा, याचा विचार कोणी केलेला दिसत नाही.

तथापि या सर्वांहून कठोर गोष्ट म्हणजे मुदत. सुलतान मोहिमेवर गेलेला, वजीर जाफरने सत्ता बळकावलेली, शहजादीला एका तासाची मुदत दिलेली: या अवधीत निकाहाला कबुली दे, नाहीतर मर. तो तास गोष्टीतला आहे तसाच खऱ्या घड्याळातलाही आहे. तळघरातील कैदेपासून मनोऱ्यापर्यंतच्या बारा पातळ्या साठ मिनिटांत ओलांडावयाच्या. प्राण कितीही वेळा गेला तरी हरकत नाही, पातळी पहिल्यापासून सुरू होते. घड्याळ मात्र मागे फिरत नाही. तिसऱ्या पातळीपासून खेळ जतन करून ठेवण्याची सोय आहे, परंतु जतन होते ती शिल्लक वेळेसह, म्हणजे पाचव्या पातळीवर उधळलेल्या मिनिटांची थकबाकी बाराव्या पातळीवर वसूल होते. जवळजवळ तासभर घाम गाळून शेवटच्या दालनाशी पोहोचावे आणि तेथे दीड मिनिट उरले आहे असे दिसावे, यासारखी हताशा दुसरी नाही. जुन्या खेळाडूंच्या तक्रारींत ही तक्रार अग्रभागी असते आणि तिच्यात तथ्य आहे. सभोवार हिंडून पाहणारा जिज्ञासू येथे दंडास पात्र ठरतो. परंतु हेही मान्य केले पाहिजे, की ही मुदत नसती तर वर सांगितलेली सावध पावलांची युक्ती सर्वत्र चालली असती आणि खेळ कंटाळवाणा झाला असता. घाई करावी तर सुळे, सावकाश जावे तर घड्याळ, या कात्रीतच त्याचा सारा प्राण आहे.

आता ज्या प्रसंगामुळे हा खेळ इतरांहून वेगळा ठरला त्याकडे वळू. मेकनरच्या मूळ मसुद्यात लढाई नव्हतीच. नायक निःशस्त्र, त्याचा सामना केवळ भिंती, दारे आणि सापळे यांच्याशी. टोमी पियर्स ही त्याची सहकारी मात्र, यात झुंज पाहिजे, असा तगादा त्याच्यामागे सतत लावीत होती, आणि त्याचे उत्तर एकच असे की संगणकाच्या स्मृतीत जागा नाही. उत्तर खोटे नव्हते. भावाच्या त्या देखण्या धावण्या-उडण्यानेच उपलब्ध जागा खाऊन टाकली होती. शत्रूच्या स्वतंत्र चित्रमाला ठेवायच्या कोठे? अखेर जी तोड निघाली ती अशी. शत्रूला वेगळी चित्रे द्यायचीच नाहीत. राजपुत्राचेच चित्र घ्यावयाचे, ते एका बिंदूने सरकवून त्याच चित्रावर ठेवावयाचे, आणि जेथे दोहोंचे बिंदू सारखे तेथे अंधार व जेथे भिन्न तेथे प्रकाश, असा नियम यंत्राला घालून द्यावयाचा. असेम्ब्ली भाषेत ही एका आज्ञेची करामत. परिणामी भरीव देहाच्या जागी नुसती झगमगणारी कड उरते, आणि पडद्यावर उभा राहतो राजपुत्राचा छायापुरुष, ज्याच्यासाठी नव्या चित्रांची तरतूद करावी लागलीच नाही.

दारिद्र्यातून आलेली ही युक्ती गोष्टीत अशी काही मुरली, की कथाच तिच्याभोवती फिरू लागली. चौथ्या पातळीच्या अखेरीस वाटेत एक आरसा उभा असतो. त्यातून धावत झेप घेतल्याखेरीज गत्यंतर नाही, आणि झेप घेताच त्या काचेतून उलट दिशेने छायापुरुष बाहेर पडतो, मागे राहिलेल्या राजपुत्राचे आयुष्य जेमतेम एका त्रिकोणावर येते. पाचव्या पातळीत राजपुत्राच्या डोळ्यांदेखत तो औषधाची मोठी कुपी पिऊन टाकतो. सहाव्या पातळीत ऐन वेळी दार पाडून त्याला खाईत लोटतो. त्यानंतर दीर्घकाळ त्याचे दर्शन नाही. बाराव्या पातळीत, मनोऱ्याच्या माथ्यावर, दोघे समोरासमोर येतात, तलवारी उपसल्या जातात आणि खेळणारा सवयीने वार करतो. वार छायेला बसतो आणि त्रिकोण आपला वजा होतो. दुसरा वार, दुसरा त्रिकोण. छाया मेली तर आपणही मेलो. येथवर अकरा पातळ्या जिने आपले रक्षण केले ती तलवार म्यान करणे, हाच येथील एकमेव मार्ग आहे, आणि तो कोणतीही सूचना सांगत नाही. तलवार म्यान करताच छायाही म्यान करते. दोघे एकमेकांकडे धावतात आणि एक होतात. पुढे जी खाई आहे तिच्यावर मग पाऊल टाकावे तिथे फरशी उमटत जाते. संगणकीय खेळात शत्रूचा संहार हाच जयाचा अर्थ असलेल्या काळात हा प्रवेश लिहिला गेला, आणि तोही स्मृतीत जागा उरली नव्हती म्हणून.

छायापुरुषाचा प्रयोग यशस्वी झाल्यावर मेकनरने काटकसर करून थोडी आणखी जागा मोकळी केली आणि पहारेकरी तैनात केले. तलवारबाजीसाठी सन १९३८ च्या 'रॉबिन हूड' चित्रपटातील एरॉल फ्लिन आणि बॅझिल रॅथबोन यांचे अखेरचे द्वंद्व त्याला उपयोगी पडले. त्यात दोघे नेमके बाजूने दिसतात असा अवघ्या सहाएक सेकंदांचा तुकडा होता, तेवढ्यावर त्याने सारी झुंज बेतली. ती डौलदार आहे, पण खोल नाही. वार, बचाव, प्रतिवार यांचा ठेका एकदा हाताला बसला की बहुतेक शिपाई एकाच साच्याचे निघतात. अपवाद तिसऱ्या पातळीतील सांगाड्याचा, जो वारांनी मरत नाही आणि ज्याला रेटीत नेऊन खाईत पाडावे लागते. तलवार उपसण्यापूर्वी शिपायाचा वार बसला तर तत्काळ मृत्यू, हा नियम मात्र नवख्याला दीर्घकाळ रडवतो.

कथेविषयी फार बोलण्याजोगे नाही. हा नायक वस्तुतः राजपुत्रही नव्हे, परमुलखातून आलेला एक अनाम तरुण आहे. शहजादीने आठव्या पातळीत एक उंदीर पाठवून बंद दार उघडवावे, एवढीच काय ती तिची कामगिरी. बाकी सर्व वेळ ती वाळूच्या घड्याळाकडे पाहत बसलेली. आणि हा इराण इतिहासातील नसून चित्रपटातील, विशेषतः सन १९४० च्या 'द थीफ ऑफ बगदाद'मधील आहे, ज्यात दुष्ट वजीर जाफरची भूमिका कॉनराड फाइट याने केली आणि चोर पोराची म्हैसूरकडच्या साबूने. इतिहासातला जाफर बरमकी बगदादचा खलिफा हारून अल् रशीद याचा वजीर होता. त्याने कोणाचे तख्त बळकावले नाही, उलट सन ८०३ मध्ये खलिफाच्याच हुकमाने त्याचा शिरच्छेद झाला. त्याचे पूर्वज बल्ख येथील नवविहार या बौद्ध मठाचे प्रमुख, आणि त्याच्या पित्याने सुश्रुताचा ग्रंथ अरबीत उतरवून घेतलेला. अशा घराण्यातील पुरुषाचे नाव चित्रपटांनी आणि खेळांनी खलपुरुषाला कायमचे चिकटवावे, ही जाफरची दुसरी शिक्षा म्हणावयाची.

सन १९८९ च्या ऑक्टोबरात कॅलिफोर्नियातील ब्रॉडरबंड कंपनीने 'प्रिन्स ऑफ पर्शिया' प्रकाशित केला, आणि तो चालला नाही. कारण उघड होते. ॲपल-टू हे यंत्र सन १९७७ मध्ये जन्मलेले. ज्याच्या मर्यादांशी मेकनर चार वर्षे झगडला, त्याची बाजारपेठच तोपर्यंत आटत आली होती. पुढील वर्षी डॉस, ॲमिगा इत्यादी यंत्रांसाठी अवतार निघाले. जपानात आणि युरोपात कौतुक झाले. सन १९९२ मध्ये नव्या वेष्टनात मॅकिन्टॉशची आवृत्ती आली आणि मगच स्वदेशात त्याचे नशीब उघडले. जपानी सुपर निन्टेन्डोवर तर पातळ्या वीस आणि मुदत दोन तास अशी ऐसपैस आवृत्ती निघाली. ती सुंदर आहे, पण तास दुप्पट केल्याने धाप निम्मी झाली, असे आमचे मत.

महाराष्ट्रात तो आला डॉसच्या वाटेने आणि बहुतांशी विनापरवाना. नव्वदीच्या दशकात पुण्या-मुंबईतच नव्हे तर जिल्ह्याजिल्ह्याच्या ठिकाणी कॉम्प्युटर क्लास निघाले. वातानुकूलित खोली, बाहेर काढून ठेवलेल्या चपलांची रांग, आत वर्डस्टार, लोटस आणि डीबेसचे पाठ. सरांची पाठ वळली की कोणीतरी खिशातून फ्लॉपी काढी. पडद्याला रंग असोत वा नसोत, तो चाले. आवाज यंत्राच्या पोटातील पिटुकल्या भोंग्यातून येई. आत शिरण्यासाठी काळ्या पडद्यावर 'प्रिन्स' एवढे टंकित करावयाचे, आणि ज्याला गुपित ठाऊक असे तो त्यापुढे 'मेगाहिट' हा शब्द जोडी, की आयुष्य वाढवणे, शिपाई जागच्या जागी ठार करणे, वेळ वाढवून घेणे, अशा सर्व सवलती खुल्या होत. हा शब्द वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवलेला असे आणि त्याचा मोबदला म्हणून वडापावपर्यंत काहीही मागितले जाई. ज्यांना तोही ठाऊक नसे ते शिफ्ट आणि एल या कळा दाबून चौथ्या पातळीपर्यंत फुकट जात. मात्र त्या सवलतीची वसुली तेथल्या तेथे होई, घड्याळ पंधरा मिनिटांवर येई.

नकलांवर जरब बसावी म्हणून प्रकाशकाने एक मजेदार तजवीज केलेली होती. पहिली पातळी संपली की अक्षरे लावलेल्या कुप्यांनी भरलेली एक खोली लागे, आणि पुस्तिकेच्या अमुक पानावरील तमुक ओळीतील शब्दाचे आद्याक्षर ज्या कुपीवर असेल तीच पिण्याचा हुकूम होई. पुस्तिका आमच्याकडे कोणी डोळ्यांनी पाहिलेली नव्हती. ज्या नकलेतून ही चौकी कोणा अज्ञात उपकारकर्त्याने काढून टाकलेली असे, ती सोन्याच्या मोलाने फिरे. जिच्यात ती शिल्लक असे, तिचे खेळाडू कुप्या चाखून चाखून मरत आणि पुन्हा पहिल्या खोलीत उगवत. या चोरट्या व्यवहाराचे समर्थन करता येणार नाही. परंतु ज्या मुलांना बाजारात हा खेळ विकत घेण्याची सोयच नव्हती, त्यांच्या हाती तो पडला तो याच मार्गाने, आणि डॉसमध्ये एका कप्प्यातून दुसऱ्या कप्प्यात जाणे, नकल करणे, धारिकेचे नाव वाचणे, या गोष्टी त्यांतील कित्येक जण पाठांपेक्षा 'प्रिन्स' शोधता शोधता शिकले.

खुद्द मेकनरपाशी आपल्या कृतीची मूळ आज्ञावली पुढे उरली नाही. शोधाशोध होऊनही ती वर्षानुवर्षे सापडली नाही. सन २०१२ मध्ये त्याच्या वडिलांनी, म्हणजे ज्यांनी या खेळाला संगीत दिले त्या मानसशास्त्रज्ञ फ्रान्सिस मेकनर यांनी, घरातील कपाटाच्या पाठीमागून निघालेला एक खोका त्याच्याकडे पाठवला आणि त्यात त्या जुन्या साडेतीन इंची तबकड्या निघाल्या. तेवीस वर्षांच्या चुंबकीय तबकड्या वाचणे हे जोखमीचे काम. जेसन स्कॉट हा संगणक-दप्तरांचा रखवालदार आणि टोनी डियाझ हा ॲपल-टूचा संग्राहक, या दोघांच्या साहाय्याने मजकूर शाबूत निघाला आणि मेकनरने तो सर्वांसाठी खुला केला. आज ज्याला असेम्ब्ली भाषा वाचता येते त्याला छायापुरुषाची रुजवात घरबसल्या घेता येते.

खेळाच्या छळवादाला कर्त्याने स्वतःच एक उत्तर पुढे दिलेले आहे. सन २००३ मध्ये युबिसॉफ्ट कंपनीच्या माँट्रियल शाखेत मेकनरच्या सहभागाने 'द सँड्स ऑफ टाइम' हा नवा खेळ सिद्ध झाला, त्यात राजपुत्राच्या हाती असा खंजीर आहे की उडी चुकली तर काळच काही क्षण मागे फिरवता यावा. चौदा वर्षांच्या तक्रारींची ती एक प्रकारे जाहीर दखल होती. पहिल्या खेळात तो खंजीर नाही, आणि आज जुन्या यंत्रांची नक्कल करणाऱ्या सोयींमुळे वाटेल तेथे थांबून, वाटेल तितके मागे जाऊन तो खेळता येत असला, तरी तसे खेळणाऱ्याच्या हाती केवळ त्याचा चित्रपट लागतो. म्हणून आमची वाचकांस एवढीच विनंती आहे, की ज्यांना तो आज उघडून पाहावासा वाटेल त्यांनी निदान आरशाच्या खोलीपर्यंत तरी घड्याळ चालू ठेवून आणि 'मेगाहिट' न लिहिता जावे. पुढच्या आठ पातळ्यांचा निर्णय ज्याने त्याने आपल्या बोटांना विचारून करावा.